शेवटचा अंक

जळगावात रात्री साडेसातला अमेरिका उजाडते.
अजिंठा चौफुलीजवळ, टायरच्या दुकानावर, दुसरा मजला.
बाहेर दिवसाचे चव्वेचाळीस अजून भिंतींत मुरलेले,
आत एसी इतका की नसीमा तडवी शाल घेऊन बसते.

आमचं काम सांगायला सोपं:
तिकडचा डॉक्टर लिहितो, आम्ही त्याचे आकडे करतो,
आकड्यांचं बिल होतं, बिल विमा कंपनीकडे जातं,
कंपनीला नाही म्हणायचं असेल
तर त्या नाहीलासुद्धा नंबर असतो.

कशालाही असतो.
कोंबडीनं टोचलं, आहे.
बदक चावलं, वेगळा आहे,
त्याच जखमेसाठी परत आलात तर शेवटचं अक्षर बदलतं.
पहिल्या महिन्यात कळण्याची भाकरी मोडता मोडता
आम्ही ठसका लागेपर्यंत हसायचो.
टीम लीडरचं आडनाव झोपे, आणि पाळी रात्रीची,
तोही विनोद आता कुणी करत नाही.

पावणेतीनला तो चार्ट आला.
नाव झाकलेलं. स्त्री, एकसष्ट. ओहायो.
पायाच्या बोटाला जखम, साखर चारशे बारा.
खाली डॉक्टरची एक ओळ, घाईत, स्पेलिंग चुकलेलं:
महिनाअखेरपर्यंत इन्सुलिन ताणते आहे.

ताणते.
मी मनात मराठी केलं: पुरवून पुरवून वापरते.
हे आमच्याकडे रॉकेलला म्हणायचे,
तुपाला, दिवाळीच्या साबणाला.
बाई दिसली. गोरी की काळी कळेना.
फ्रिजच्या उजेडात उभी,
कुपी डोळ्यांपुढे धरून
द्रव नाही, दिवस मोजत होती.

आणि याला नंबर आहे.
झेड एक्क्याण्णव, पॉइंट, एक दोन शून्य:
रुग्णाने औषध जाणूनबुजून कमी घेतले, आर्थिक अडचणीमुळे.
म्हणजे कुठल्याशा समितीत, कॉफी पीत,
कुणीतरी ह्या वाक्यासाठी जागा धरून ठेवली होती.
म्हणजे त्या देशाला माहीत होतं.
पुराच्या गल्लीला
नगरपालिका घरनंबर देते, तसा दिला.

मी तो टाकला.
झोपे मागून म्हणाला,
"कशाला टाइम घालवते? त्याचे पैसे भेटत नाही त्यांना.
जखम टाक, साखर टाक, पुढं चल. तासाला अठरा."
माणूस वाईट नाही. नसीमाच्या वडिलांची अँजिओ झाली
तेव्हा सगळ्या मजल्यावर वर्गणीचा डबा त्यानंच फिरवला होता.
मी नंबर काढला नाही.
त्या तासाला माझे सतराच झाले.

पाचला पिंप्राळ्यात पोचले.
स्वयंपाकघरात माय, लाइट न लावता.
हातात अडकित्ता, पात्यांत सुपारी नाही,
रक्तदाबाची गोळी, गुलाबी, एवढीशी.
कट्.
अर्धी जिभेवर, अर्धी डबीत.
डबीत आणखी कितीतरी अर्ध्या,
आणि भुगासुद्धा, पुडी बांधून जपलेला.

"कधीपासून?"
"गरम पडते मले. अख्खी घेतली का डोकं भणभणते."
पाकीट एकशे बेचाळीसचं.
माझा पगार तिला ठाऊक आहे,
स्कूटीच्या हप्त्याची तारीखही.
अडकित्ता पदराला पुसून तिनं पुन्हा पिशवीत टाकला.

यालाही नंबर आहे. तोच,
फक्त शेवटचा अंक वेगळा:
पैशापायी असेल तर शून्य,
इतर कारण असेल तर आठ.

मी दारातच उभी, हेल्मेट हातात.
तिनं आधण ठेवलं,
चमचाभर साखर उचलली,
माझ्याकडे पाठ करून
त्यातली थोडी परत डब्यात टाकली.